मुंबईतून मुंबईला जाताना

माझा भाचा अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात राहतो. गेल्या वर्षी त्याच्याकडे जाण्याचा योग आला. एका रविवारी सकाळी तो म्हणाला, "मामू, आज तुम्हाला न्यूयॉर्कला नेतो. ट्रेननं नको, गाडीनंच जाऊ. वाटेत पूल बघायला मिळतील." मी लगेच तयार झालो. आमचं मूळ गाव दाभोळच्या खाडीकाठचं. खाडी, होडी आणि पूल यांची हौस घरातूनच आलेली.

तासाभरात गाडी एक मोठा पूल ओलांडून एका बेटावर उतरली. भाचा म्हणाला, "आलं तुमचं न्यूयॉर्क!" मी बाहेर पाहिलं. सिनेमात दिसणाऱ्या त्या गगनचुंबी इमारती कुठंच नव्हत्या. बैठी घरं, घरापुढं अंगण, भरपूर झाडं. मी विचारलं, "हे कसलं न्यूयॉर्क?" तो हसून म्हणाला, "याला स्टेटन आयलंड म्हणतात. कायद्यानं हे न्यूयॉर्कच आहे. पण इथली माणसं मॅनहॅटनला निघाली की 'सिटीत चाललो' असं सांगतात."

मग त्यानं आणखी एक गोष्ट सांगितली. हे बेट १८९८ साली न्यूयॉर्क शहरात सामील झालं. पण पुढची सहासष्ट वर्षं शहराच्या उरलेल्या भागांशी त्याला जोडणारा एकही रस्ता नव्हता. बोटीनं जायचं नसेल तर बेटावरच्या माणसानं आधी शेजारच्या न्यू जर्सी राज्यात जायचं आणि तिथून वळसा घेऊन पुन्हा आपल्याच शहरात शिरायचं. एका शहरात राहून त्याच शहरात जाण्यासाठी परराज्याची वाट!

मी म्हटलं, "अरे, ही तर आमची गोराई!"

भाच्याला ते कळायला थोडा वेळ लागला. आपल्यापैकी अनेकांनाही लागेल. म्हणून गोराईचा हा भूगोल आधी नीट सांगतो.

गोराई दोन आहेत. बोरिवली पश्चिमेला बसच्या पाटीवर जी गोराई वाचायला मिळते, ती म्हाडाची वसाहत. चारकोप आणि गोराई इथं जागतिक बँकेच्या मदतीनं गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात छोटे भूखंड पाडून लोकांना घरं बांधायला दिली गेली. तिथल्याच एका घरात माझं तरुणपण गेलं. ही गोराई खाडीच्या अलीकडची. खरं गोराई गाव आहे खाडीच्या पलीकडे. मधे तिवरांची हिरवी भिंत, तिच्यापुढं चिखल आणि मग पाणी. धक्क्यावर उभं राहिलं की पलीकडचा किनारा स्पष्ट दिसतो. होडी दहा-पंधरा मिनिटांत पोहोचते.

या गावाच्या पश्चिमेला अरबी समुद्र. पूर्वेला आणि दक्षिणेला ही खाडी. ती मनोरीजवळ समुद्राला मिळते, म्हणून तिला मनोरीची खाडीही म्हणतात. उत्तरेला उत्तन आणि डोंगरी, त्यापलीकडे वसईची खाडी. या साऱ्या टापूला जुनी माणसं धारावी बेट म्हणतात. झोपडपट्टीमुळे जगाला माहीत झालेली धारावी वेगळी, ही वेगळी. या बेटाला जमिनीवरून जायचं तर वाट ईशान्येकडून, म्हणजे भाईंदरवरून.

आता गोराईच्या माणसाला मोटारीनं बोरिवलीला जायचं आहे असं समजा. तो आधी बोरिवलीकडे पाठ करतो आणि उत्तरेला निघतो. उत्तनचा रस्ता धरायचा, मग डोंगरी, मोर्वा, राई, मुर्धा अशी गावं मागं टाकत भाईंदर पश्चिमेला यायचं. तिथं रेल्वेचे रूळ ओलांडायचे, भाईंदर पूर्व आणि मीरा रोडच्या गर्दीतून काशिमिऱ्याला पोहोचायचं, महामार्गाला लागायचं, दहिसरचा नाका पार करायचा आणि मग बोरिवली. पंचवीस-तीस किलोमीटरचा हा वळसा. रहदारी असेल तर दीड तास कुठंच गेला नाही.

या प्रवासात तो मुंबई महापालिकेची हद्द सोडतो, मीरा-भाईंदर महापालिकेच्या हद्दीतून आणि ठाणे जिल्ह्यातून जातो आणि पुन्हा मुंबईत शिरतो. याला कारण आहे सरकारी नकाशा. १९५० साली मुंबई शहराला जवळची उपनगरं जोडली गेली. १९५७ साली हद्द आणखी वाढून दहिसर-मुलुंडपर्यंत गेली. त्यात गोराई मुंबईकडे आली आणि शेजारचं उत्तन ठाणे जिल्ह्यात राहिलं. नकाशावर रेघ ओढताना पाण्याची अडचण होत नाही. चालणाऱ्याला मात्र होते. आजही गोराई गाव महापालिकेच्या आर-मध्य विभागात येतं आणि त्या विभागाचं कार्यालय आहे बोरिवलीत. नळाला पाणी नाही अशी तक्रार द्यायची तरी आधी पाणी ओलांडावं लागतं.

या वळशाची एक गंमत सांगण्यासारखी आहे. दहिसरच्या नाक्यावर अनेक वर्षं मुंबईत शिरणाऱ्या गाड्यांकडून टोल घेतला जाई. शेवटी शेवटी तो मोटारीला ४५ रुपये होता. हलक्या वाहनांचा टोल ऑक्टोबर २०२४मध्ये माफ झाला. तोवर गोराईचा मुंबईकर आपल्याच मुंबईत येण्याचे पैसे देत होता. गावातल्या एका मावशींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "आमी पाव्हनेच, भाऊ. पन पाव्हन्याकडून कोन पैसे घेतं?"

गंमत इथं संपते. दुसरी गोष्ट रात्रीची आहे.

गोराई गावात माझे एक स्नेही आहेत, निवृत्त शिक्षक. तिथल्या बहुसंख्य लोकांसारखे तेही ईस्ट इंडियन समाजाचे. पोर्तुगीज अमलात ख्रिस्ती झालेली ही इथलीच मराठी माणसं. 'ईस्ट इंडियन' हे नाव त्यांनी १८८७च्या सुमारास घेतलं, पण घरातली बोली मराठीच राहिली. सर माझ्या कवितांचे जुने वाचक. मला 'कविराज' म्हणून चिडवतात आणि चुकलेलं वृत्त दाखवून देतात.

दहा-बारा वर्षांपूर्वी एका रात्री एकच्या सुमारास सरांच्या छातीत कळ आली. शेवटची होडी केव्हाच गेली होती. ओहोटी लागलेली. शेजाऱ्यानं आपली गाडी काढली. सर मागच्या सीटवर पत्नीच्या मांडीवर डोकं ठेवून पडले होते. गाडी गावाबाहेर वळली तेव्हा झाडांच्या फटीतून बोरिवलीचे दिवे दिसले. सर मला म्हणाले, "कविराज, छातीतल्या कळेपेक्षा ते दिवे जास्त लागले. तिकडं इस्पितळं आहेत, डॉक्टर जागे आहेत. आणि आमची गाडी त्यांच्यापासून दूर चालली होती."

अखेर त्यांना भाईंदरच्या एका दवाखान्यात दाखल केलं. मुंबईच्या नागरिकाला मुंबईबाहेर उपचार मिळाले आणि जीव वाचला. पण वेळ गेला होता. डॉक्टरांनी सांगितलं, तासभर आधी आणलं असतं तर हृदयाचं एवढं नुकसान झालं नसतं. सर आता चर्चच्या पायऱ्या चढताना मधे एकदा थांबतात.

मग पूल का नाही, असा प्रश्न कुणालाही पडेल. मुंबईचा इतिहास तर पाणी बुजवून आणि ओलांडून जागा जोडण्याचाच आहे. माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये एके काळी अशीच खाडी होती आणि लोक होडीनं जात. पावसाळ्यात होड्या उलटत, माणसं बुडत. सरकार खर्चाला तयार नव्हतं. तेव्हा सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी लेडी अवाबाई यांनी दीड लाखाहून अधिक रुपये दिले. त्या काळचे दीड लाख! अट एकच, जाणाऱ्या-येणाऱ्याकडून टोल घ्यायचा नाही. १८४५ साली माहीमचा कॉजवे खुला झाला. आज त्यावरून रोज लाखो माणसं जातात आणि आपण एक खाडी ओलांडली, हे त्यांच्या ध्यानातही येत नाही. पुढं १९७३ साली वाशीचा पूल झाला आणि नवी मुंबई वसली. २००९ साली वांद्रे-वरळी सागरी सेतू आला. जानेवारी २०२४मध्ये शिवडी ते न्हावा-शेवा हा जवळजवळ २२ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला. एवढं पाणी ओलांडणाऱ्या शहराला गोराईची खाडी म्हणजे किती?

हेच मी एकदा सरांच्या अंगणात म्हणालो. सरांची मुलगी बोरिवलीत नोकरीला जाते. रोज दोन होड्या, दोन रिक्षा. ती म्हणाली, "अंकल, तुम्ही हे पप्पांना सांगा. पूल हवाच." सर गप्प बसले. मग शांतपणे म्हणाले, "मला त्या रात्री पूल हवा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र नको होता."

सरांच्या या बोलण्याचा अर्थ मला पुरता कळला तो स्टेटन आयलंडवर.

तिथला पूल झाला २१ नोव्हेंबर १९६४ रोजी. नाव व्हेराझानो. गोऱ्या लोकांपैकी न्यूयॉर्कच्या बंदरात पहिल्यांदा आलेल्या इटालियन दर्यावर्दीचं हे नाव. ते लिहिताना एक अक्षर गळलं आणि ती चूक सरकारनं २०१८ साली सुधारली! या पुलाचा मधला झुलता भाग जवळजवळ १३०० मीटर लांब. पुढची सतरा वर्षं तो त्या जातीच्या पुलांत जगात सर्वांत लांब होता. भाच्यानं त्यावरून गाडी नेली तेव्हा खालून जाणारी जहाजं खेळण्यासारखी दिसत होती. माझ्या तोंडून आपसूक 'वाह' निघालं.

पण या पुलानं काय केलं, तेही पाहायला हवं. पलीकडच्या ब्रुकलिनमध्ये पुलाकडे जाणाऱ्या रस्त्यासाठी हजारो लोकांना राहती घरं सोडावी लागली. बेटावर १९६०च्या जनगणनेत सुमारे २ लाख २२ हजार माणसं होती. २०२० साली ती जवळजवळ ५ लाख झाली. शेतं गेली, त्यावर घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. आणि पूल बांधला तो मोटारींसाठी. त्यावर पायी जायला किंवा सायकलला वाटच ठेवली नाही. ज्याच्याकडे गाडी नाही त्याला हा पूल पायी ओलांडता येत नाही.

गाडी नसलेला माणूस मग काय करतो? परतीच्या वाटेवर भाच्यानं मला तेच दाखवलं. आम्ही गाडी बेटावर ठेवली होती, पुढं गेलो होतो बसनं आणि परतलो बोटीनं. रात्रीचे बारा वाजत आले होते. मॅनहॅटनच्या टोकावरून एक भलीमोठी नारिंगी बोट सुटली. आत इस्पितळाचे कपडे घातलेल्या परिचारिका, हॉटेलातली कामं उरकून आलेली माणसं, झोपलेलं मूल खांद्यावर घेतलेला एक बाप. पंचवीस मिनिटांत बोट पलीकडे. मी तिकिटासाठी पाकीट काढायला लागलो, तर भाचा म्हणाला, "मामू, पैसे पडत नाहीत." ही बोट १९०५पासून शहराच्या ताब्यात आहे. फार वर्षं तिचं भाडं फक्त पाच सेंट होतं. १९९७पासून पायी येणाऱ्याला ती फुकट आहे आणि दिवसरात्र, वर्षाचे सगळे दिवस चालते. एवढा मोठा पूल झाला तरी शहरानं बोट बंद केली नाही.

त्या बोटीच्या कठड्याशी उभं असताना मला सरांचं वाक्य आठवलं. छातीत कळ आलेल्या माणसाला हवा असतो तो रात्री पलीकडे नेणारा कुणीतरी. सहा पदरी रस्ता ही वेगळी गरज आहे आणि ती बहुधा गावाबाहेरच्यांची असते. आपण या दोन्ही गोष्टी 'कनेक्टिव्हिटी' या एकाच शब्दात कोंबतो, म्हणून घोटाळा होतो.

गोराईला या घोटाळ्याचा अनुभव आहे. इथं १९८९ साली मोठं मनोरंजन उद्यान आलं, एस्सेलवर्ल्ड. सबंध महाराष्ट्रातल्या शाळांच्या सहली इथं आल्या. ते २०२२ साली बंद पडलं. त्याच्या शेजारी २००९ साली विपश्यनेचा जागतिक पॅगोडा खुला झाला. खांबाचा आधार नसलेल्या त्याच्या घुमटाखाली आठ हजार माणसं ध्यानाला बसू शकतात. पाहुण्यांसाठी होड्या आल्या, रस्ते आले. गावाची रात्र होती तशीच राहिली. २००६-०७च्या सुमारास या साऱ्या टापूवर विशेष आर्थिक क्षेत्र करण्याचा घाट घातला गेला. गोराई, मनोरी, उत्तनचे कोळी आणि शेतकरी एकत्र आले आणि तो बेत बारगळला. सर त्या सभांना जात. त्यांच्या वाडीत वांगी आणि लाल माठ होतो. ते विचारतात, "रस्ता आला म्हणजे मी लवकर बोरिवलीला पोहोचेन, हे खरं. पण परत येईन तेव्हा माझी वाडी जागेवर असेल का?"

आणखी एक साम्य सांगितल्यावाचून राहवत नाही. मोठं शहर आपल्या कडेच्या जागेला काय देतं? स्टेटन आयलंडवर न्यूयॉर्कनं १९४८ ते २००१ अशी त्रेपन्न वर्षं आपला कचरा टाकला. ते एके काळी जगातलं सर्वांत मोठं कचरा मैदान समजलं जाई. आता तिथं बाग फुलवताहेत. आमच्या गोराईच्या खाडीकाठी, बोरिवलीच्या बाजूला, मुंबईनं १९७२ ते २००७ कचरा टाकला. तरुणपणी संध्याकाळी वारा फिरला की आम्ही खिडक्या लावून घेत असू. पुढं तो डोंगर शास्त्रीय पद्धतीनं झाकण्यात आला. शहर कडेला कचरा टाकतं तेव्हा ती जागा त्याला जवळची वाटते. दवाखाना द्यायची वेळ आली की तीच जागा लांबची होते.

आता नवा रस्ता येतो आहे. वर्सोव्यापासून दहिसर-भाईंदरपर्यंत किनारी रस्त्याचं काम हाती घेतलेलं आहे. उत्तनहून विरारला जाणाऱ्या सागरी सेतूचाही प्रस्ताव आहे. या रस्त्यांच्या वाटेत तिवरांची जंगलं आहेत. तिवर म्हणजे नुसतं खारं झुडूप नव्हे. भरतीचा जोर तेच अंगावर घेतं आणि कोळंबी, चिंबोरी, बोयटाची पिल्लं त्याच्या मुळांत वाढतात. २००५च्या जुलैमध्ये मुंबई बुडाली, तेव्हापासून हे आपल्याला ठाऊक आहे. मुंबई उच्च न्यायालयानं २०१८ साली राज्यभर तिवरांच्या तोडीला मनाई केली. सार्वजनिक हिताच्या कामासाठी तोड करायची तरी न्यायालयाची परवानगी लागते. परवानग्या मिळतात आणि रस्ते होतात, हेही आपण पाहतो.

मी पुलाच्या विरुद्ध नाही. सरांच्या मुलीनं उन्हातान्हात धक्क्यावर तिष्ठत राहावं, असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? पण पूल होईल तेव्हा होईल. त्याला दहा वर्षं लागतील किंवा वीस. तोवरच्या रात्रींचं काय? त्यासाठी पूल लागत नाही. ओहोटीलाही लागेल असा खोल पाण्यातला धक्का लागतो. रात्रभर तयार असलेली एक रुग्ण-होडी लागते, आणि पलीकडच्या धक्क्यावर रुग्णवाहिका. गावात चोवीस तास हजर असणारा एक डॉक्टर लागतो. हे महाराष्ट्राला नवं नाही. आमच्या दाभोळच्या खाडीत लहानपणी आम्ही तरीनं पलीकडे जात असू. गाडी असेल तर चिपळूणवरून लांबचा वळसा. २००३ साली दाभोळ-धोपावे अशी गाड्या वाहणारी फेरीबोट सुरू झाली. पूल नसतानाही गाडी पलीकडे जाऊ लागली आणि दोन्ही काठांची गावं शाबूत राहिली. २०२४मध्ये वसई आणि भाईंदरच्या दरम्यानही अशी सेवा सुरू झाली. गोराईच्या धक्क्यापासून ते फार दूर नाही.

आणि उद्या पूल झालाच, तर आणखी तीन गोष्टी मागाव्यात. त्यावर पायी चालणाऱ्याला वाट असावी. गावाची शेती आणि गावठाण यांना कायद्याचं कुंपण पुलाच्या आधी पडावं, नंतर नको. आणि होडी बंद होऊ नये. न्यूयॉर्कसारख्या श्रीमंत शहरानं साठ वर्षांपूर्वी पूल बांधला आणि आजही मध्यरात्री फुकट बोट सोडतं. आपण निदान रात्रीची एक होडी सोडू शकतो.

अमेरिकेहून आल्यावर मी सरांकडे गेलो आणि त्या नारिंगी बोटीची हकीकत सांगितली. ते लक्ष देऊन ऐकत होते. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं, "रात्री एक वाजताही असते?"

मी म्हटलं, "असते, सर."

ते काही बोलले नाहीत. मुलीनं हाक मारली, "अंकल, निघा आता, शेवटची होडी सुटेल." मी उठलो. तुम्हीही कधी गोराईच्या किनाऱ्यावर गेलात तर असंच घड्याळाकडे बघत परत निघाल. शेवटची होडी चुकू नये म्हणून धक्क्यावर पळाल. होडी सुटल्यावर एकदा मागं वळून पाहा. काठावर जी माणसं राहतात, तीही मुंबईचीच आहेत.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)